खाल्लेलं अंगी का लागत नाही?

‘अंगी लागणं’ हा आपल्या भाषेतला फार नेमका शब्दप्रयोग आहे. अन्न पोटात जाणं वेगळं आणि अंगी लागणं वेगळं, हे त्यात आधीच मान्य केलेलं आहे. घरात कुणाला संधिवात, क्षय, फुप्फुसाचा जुनाट आजार किंवा आतड्याचा क्रोह्नसारखा विकार असेल, तर हे वाक्य तुम्ही नक्की ऐकलं असेल: “जेवतात तसे बरे, पण अंगी काही लागत नाही.” आपल्यासारखे परदेशात राहणारे लोक व्हिडिओ कॉलवर आई-वडिलांचे गाल बसलेले पाहतात आणि काळजीने एकच सल्ला देतात: “नीट खात जा.” समोरून उत्तर येतं, “खातोय रे.” दोघंही खरंच बोलत असतात.

मग हे खाल्लेलं जातं कुठे? त्याचा बराचसा हिशोब ‘दाह’ या शब्दात दडलेला आहे. जखमेभोवती दिसणारी लाली आणि ठणका हा दाहाचा सगळ्यांना माहीत असलेला चेहरा. दीर्घ आजारात मात्र हाच दाह महिनोन् महिने, अनेकदा बाहेरून काही न दिसता, चालू राहतो. त्याला इंधन लागतं. ते इंधन आपल्याच ताटातून आणि ते पुरलं नाही की आपल्याच स्नायूंतून जातं.

पडून राहण्याचा खर्च

तुम्ही दिवसभर अंथरुणात पडून राहिलात आणि इकडची काडी तिकडे केली नाहीत, तरी हृदय धडधडतं, मूत्रपिंडं रक्त गाळतात, यकृताचा कारखाना सुरू असतो, मेंदू तर रात्रीही थांबत नाही. या सगळ्याला लागणारी ऊर्जा म्हणजे विश्रांतीतला ऊर्जाखर्च. साधारण ६० किलो वजनाच्या मध्यमवयीन बाईच्या बाबतीत तो दिवसाला १,२०० ते १,३०० किलोकॅलरी असतो. (बोलताना आपण जिला ‘कॅलरी’ म्हणतो, ती खरं तर ही किलोकॅलरी.) बैठं काम करणाऱ्या माणसाच्या एकूण खर्चात याचा वाटा ६० ते ७० टक्के. म्हणजे चालणं, जिने चढणं, स्वयंपाक आणि जिम हे सगळं उरलेल्या भागात.

या खर्चाची वाटणीही विषम आहे. मेंदू, यकृत, हृदय आणि मूत्रपिंडं यांचं वजन शरीराच्या सहा टक्क्यांच्या आसपास, पण निम्म्याहून जास्त खर्च त्यांचा. एक किलो यकृत दिवसाला सुमारे २०० किलोकॅलरी वापरतं, तर स्वस्थ पडलेला एक किलो स्नायू जेमतेम १३. हे आकडे लक्षात ठेवा. दाहाच्या गोष्टीत यकृत आणि स्नायू पुन्हा भेटणार आहेत.

हा खर्च मोजायची रीत सोपी आहे. रात्रभर उपाशी राहिलेल्या माणसाला सकाळी शांत झोपवून डोक्यावर पारदर्शक टोप ठेवतात आणि त्याने किती ऑक्सिजन वापरला, किती कार्बन डायऑक्साइड सोडला ते मोजतात. अर्ध्या तासात आकडा मिळतो. हलायचं नाही आणि डुलकीही घ्यायची नाही, एवढीच अट.

लीड्सचा थर्मामीटर

मी ज्या शहरात राहतो त्या लीड्सचा या विषयाशी जुना संबंध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ताप मोजायचे थर्मामीटर जवळजवळ फूटभर लांब होते आणि रुग्णाला ते वीसेक मिनिटं धरून बसावं लागे. लीड्स जनरल इन्फर्मरीतले डॉक्टर थॉमस क्लिफर्ड ऑलबट यांनी १८६६-६७च्या सुमारास सहा इंचांचा, पाच मिनिटांत ताप सांगणारा, खिशात मावणारा थर्मामीटर तयार करून घेतला. त्यानंतर ताप ही कपाळावर हात ठेवून ओळखायची गोष्ट न राहता आकडा झाली.

आकडा मिळाल्यावर पुढचा प्रश्न ओघाने आला: या तापाची किंमत किती? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात युजीन ड्युबॉइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विषमज्वर, म्हणजे टायफॉइडच्या रुग्णांचा ऊर्जाखर्च मोजला. तापाच्या प्रत्येक अंश सेल्सिअसमागे शरीराचा खर्च साधारण १० ते १३ टक्क्यांनी वाढतो, हा आजही वापरला जाणारा आडाखा त्या काळातला. म्हणजे वरच्या उदाहरणातल्या बाईंना ३९ अंश ताप असेल, तर अंथरुणात पडल्या पडल्या त्या दिवसाला अडीचशे-तीनशे किलोकॅलरी जास्त जाळतात. हिशोबासाठी म्हणायचं तर तीन फुलके.

दोन दिवसांच्या तापात याने काही बिघडत नाही. आपल्याकडचं लंघन आणि नंतरची भाताची पेज तेवढ्यापुरती पुरेशी असते. पण पूर्वीचा विषमज्वर तीन-चार आठवडे चालायचा आणि रुग्णाला हलकंच द्यायचं या समजुतीने माणूस तापाबरोबर उपासमारीनेही खंगायचा. बेलव्ह्यूतल्याच वॉरन कोलमन यांनी अशा रुग्णांना भरपूर कॅलरींचा आहार द्यायचा आग्रह धरला, तो यासाठी.

ताप नसतानाही

जुनाट आजारात मात्र अनेकदा ताप नसतोच. असली तर संध्याकाळची कणकण. तरीही खर्च वाढतो. तो कसा, याची निदान चार उत्तरं आहेत.

पहिलं उत्तर प्रतिकारक पेशींचं. जाग्या झालेल्या या पेशींना भराभर वाढायचं असतं, म्हणून त्या ग्लुकोज घाईघाईने वापरतात. ऑक्सिजनच्या मदतीने सावकाश जाळलं तर ग्लुकोजच्या एका रेणूतून ऊर्जेची तीसेक एककं मिळतात. या झटपट वाटेने मिळतात फक्त दोन, आणि मागे लॅक्टेट उरतं.

दुसरं उत्तर त्या लॅक्टेटचं. ते रक्तातून यकृताकडे जातं आणि यकृत त्याचं पुन्हा ग्लुकोज करतं. त्यासाठी सहा एककं खर्च होतात. म्हणजे दोन मिळवायला सहा घालवायची. कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याने हे चक्र शोधलं. त्यांना १९४७ साली नोबेल मिळालं. जोरात पळताना हे चक्र थोडा वेळ फिरणं उपयोगाचं, पण दाहात ते रात्रंदिवस फिरत राहू शकतं.

तिसरं उत्तर तुमच्या रक्ततपासणीच्या कागदावरच असतं: सीआरपी. दाहाचा निरोप मिळाला की यकृत ठरावीक प्रथिनं मोठ्या प्रमाणात तयार करू लागतं. सीआरपी त्यांतलं सर्वांत परिचित. गंभीर जंतुसंसर्गात त्याची पातळी हजारपटीपर्यंत चढू शकते. या प्रथिनांचा कच्चा माल म्हणजे अमिनो आम्लं, आणि ती येतात स्नायू मोडून. इथे एक अडचण आहे. सीआरपीसारख्या प्रथिनांना फिनाइलअॅलॅनिन, ट्रिप्टोफॅन अशी काही अमिनो आम्लं जास्त लागतात आणि स्नायूत नेमकी ती कमी असतात. चार विशिष्ट विटा हव्या म्हणून अख्खी भिंत पाडावी तसं होतं. उरलेल्या विटा जाळल्या जातात आणि त्यांतला नायट्रोजन लघवीवाटे निघून जातो.

चौथं उत्तर संप्रेरकांचं. दाहात अॅड्रेनालिनसारख्या संप्रेरकांचा जोर वाढतो, नाडी वाढते, आणि इन्सुलिनचं स्नायू पहिल्याइतकं ऐकत नाहीत. इन्सुलिन फक्त साखरेचं काम करत नाही, स्नायू मोडू न देण्याचंही काम करतं. तेही ढिलं पडतं.

या सगळ्यामागचे निरोपे म्हणजे सायटोकाइन नावाची लहान प्रथिनं. त्यांतलं एक कसं सापडलं ते सांगण्यासारखं आहे. गुरांना ट्रिपॅनोसोमा परजीवीची लागण झाली की रक्तात परजीवी थोडेच असूनही जनावर खंगून मरतं, हे कोडं न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या अँथनी सेरामी यांना छळत होतं. परजीवी एवढं खात नसेल, तर खातंय कोण? उत्तर निघालं की जनावराच्याच प्रतिकारक पेशी एक प्रथिन सोडतात आणि ते खंगवतं. त्याला त्यांनी ‘कॅकेक्टिन’ नाव दिलं. १९८५ साली कळलं की हे आणि कर्करोगाच्या संशोधनातून माहीत झालेलं ‘टीएनएफ’ एकच आहेत.

घर लहान, भाडं मोठं

सांधे सुजवणारा संधिवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, याचं उत्तम उदाहरण. १९९४ साली अमेरिकेत रॉनेन रुबेनॉफ आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांची निरोगी माणसांशी तुलना केली. रुग्णांच्या शरीरातला जिवंत पेशींचा साठा, म्हणजे मुख्यतः स्नायू, १३ टक्क्यांनी कमी होता. स्नायू कमी तर खर्चही कमी हवा. पण विश्रांतीतला खर्च १२ टक्क्यांनी जास्त होता, आणि त्यांच्या पेशी टीएनएफही जास्त तयार करत होत्या. आहारात मात्र कमतरता दिसत नव्हती.

१२ टक्के म्हणजे दिवसाला दीडशे किलोकॅलरी, दीड-दोन फुलके. एका दिवसाला काहीच नाही. पण हे दहा-पंधरा वर्षं चालणारं दुखणं आहे.

यातली फसवी गोष्ट अशी की वजनकाटा बऱ्याचदा काहीच दाखवत नाही. सांधे दुखतात म्हणून हालचाल कमी होते, चरबी साठते, आणि तेवढ्याच वजनाचा स्नायू झिजतो. बेरीज तीच राहते. “वजन तर तेवढंच आहे,” असं म्हणणाऱ्या मावशींना खुर्चीतून उठताना हाताचा आधार का लागतो, याचं उत्तर काट्यावर मिळत नाही.

भूक आणि थकवा

खर्च वाढला तर भूकही वाढायला हवी. निरोगी माणसात तसं घडतंही. लीड्स विद्यापीठात जॉन ब्लंडेल यांच्या गटाने गेल्या दशकात हे दाखवलं की माणूस दिवसभरात किती खातो याचा संबंध त्याच्या चरबीशी नसून चरबी वगळून उरलेल्या शरीराशी आणि विश्रांतीतल्या खर्चाशी आहे. जितका खर्च, तितकी भूक. दाहात हाच धागा तुटतो. टीएनएफ आणि इतर सायटोकाइन मेंदूतल्या भुकेच्या केंद्रापर्यंत पोचतात आणि तिथून संदेश येतो, नको. त्यामुळे नेमकी गरज वाढते तेव्हा इच्छा मरते. “थोडं तरी खा” असं म्हटल्यावर ताट पुढे सरकवणारं माणूस हट्टी नसतं.

आता एक गुंतागुंत. विश्रांतीतला खर्च वाढला म्हणजे दिवसाचा एकूण खर्चही वाढला, असं तुम्हाला वाटेल. लंडनमध्ये डेरेक मॅकॅलन आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली एचआयव्हीच्या रुग्णांवर केलेला अभ्यास वेगळं सांगतो. विश्रांतीतला खर्च वाढलेला होता, पण ज्यांचं वजन झपाट्याने उतरत होतं त्यांचा एकूण खर्च उलट कमी होता, कारण त्यांची हालचाल थांबल्यातच जमा होती. वजन उतरायचं मोठं कारण होतं खाणं घटणं. रुबेनॉफ यांनाही पुढे संधिवाताच्या बायकांमध्ये कमी हालचालीमुळे एकूण खर्च घटलेलाच आढळला.

म्हणजे शरीर काटकसर करतं. दाहाचं बिल टाळता येत नाही, म्हणून चालणं, फिरणं, घरकाम यांत कपात होते. आजारी माणसाचा थकवा याच कपातीचा एक भाग आहे. त्याला आळस म्हणणं अन्यायाचं आहे, आणि “मन घट्ट करा” हे औषध नाही.

क्षय: नावातच लक्षण

आपल्या पूर्वजांनी या आजाराला नावच ‘क्षय’ दिलं. इंग्रजीतही त्याचं जुनं नाव ‘कन्झम्प्शन’, आतून खाऊन टाकणारा. परदेशी गेलेल्या मराठी माणसांच्या इतिहासाच्या पहिल्या पानावरच हा आजार आहे. आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, त्याच वर्षी आजारी अवस्थेत परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने गेल्या. वय एकवीस. त्यांच्या आजारपणाबद्दल बोलताना परदेशातली थंडी, जेवणाचे हाल यांची चर्चा होते. त्याने प्रकृती ढासळायला हातभार लागला असेलही. पण कॉकने जंतू शोधून पाचच वर्षं झाली होती आणि पहिलं प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर छप्पन्न वर्षांनी सापडलं. कितीही साजूक तूप-भाताने ती आग विझली नसती.

बंगळुरूचे अनुरा कुरपाड आणि लंडनचे मॅकॅलन यांनी १९९८ साली याचा पुरावाच दिला. क्षयाच्या रुग्णांना प्रथिनं खायला दिली, तेव्हा त्यांतला मोठा हिस्सा स्नायू बांधण्याऐवजी सरळ जाळला गेला. नुसत्या कुपोषित, पण क्षय नसलेल्या लोकांच्या शरीरात तेच अन्न जास्त चांगलं वापरलं गेलं. खाल्लेलं अंगी लागत नाही, हे प्रयोगशाळेत दिसलं ते असं.

मग अन्न बिनमहत्त्वाचं का? भारताचा अनुभव दोन्ही बाजू दाखवतो. औषधं येण्याआधी मिरजेजवळच्या वान्लेसवाडीसारख्या सॅनेटोरियममध्ये विश्रांती, मोकळी हवा, दूध-अंडी हाच उपचार होता. १९५६ साली मद्रासमध्ये सुरू झालेल्या केंद्रात रुग्णांचे दोन गट केले: एक सॅनेटोरियममध्ये, चांगल्या जेवणासह, आणि दुसरा आपापल्या दाटीवाटीच्या घरी, कमी जेवणावर. औषधं दोघांना तीच. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात दोन्ही गट जवळजवळ सारखेच बरे झाले. सॅनेटोरियमचं युग त्यानंतर संपत गेलं. आग विझवतं ते औषध, ही त्यातली शिकवण.

दुसरी बाजू छत्तीसगडमधल्या गनियारीची. तिथल्या ग्रामीण रुग्णालयात आलेल्या १,६९५ क्षयरुग्णांच्या नोंदी अनुराग भार्गव आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली मांडल्या. उपचार सुरू होताना पुरुषांचं मध्यक वजन ४२ किलो होतं आणि बायकांचं ३४. इतकं खंगलेलं शरीर औषध सुरू झालं तरी तग धरेलच असं नाही. जितका कृश रुग्ण, तितका मृत्यूचा धोका जास्त होता.

म्हणून भार्गव दांपत्याने झारखंडमध्ये ‘रेशन्स’ हा मोठा प्रयोग केला. २,८०० रुग्णांना औषधांबरोबर दर महिन्याला दहा किलोची शिधापिशवी मिळाली: तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल. २०२३ साली निष्कर्ष आले. ज्यांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत ५ टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी होता. यात एक सावधगिरी हवी. ज्यांचा दाह लवकर विझला त्यांचंच वजन वाढलं असणार, त्यामुळे सगळं श्रेय शिध्याला देता येत नाही. पण प्रयोगाचा दुसरा भाग जास्त भक्कम होता. रुग्णांच्या घरच्यांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले होते. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला, तिथे क्षयाचे नवे रुग्ण ३९ टक्क्यांनी कमी झाले. भारत सरकारची निक्षय पोषण योजना २०१८ साली महिना ५०० रुपयांनी सुरू झाली. २०२४च्या अखेरीस ती रक्कम १,००० रुपये झाली.

आग विझवताना

टीएनएफ जर खंगवतं, तर ते अडवलं तर? संधिवातात हे करून दाखवलं लंडनच्या रविंदर मैनी आणि मार्क फेल्डमन यांनी, १९९२च्या सुमारास. आज आतड्याच्या आजारांपासून सोरायसिसपर्यंत ही औषधं दिली जातात. तुम्हाला किंवा घरच्यांना ती सुचवली गेली, तर आधी सुप्त क्षयाची तपासणी होईल, आणि आपण भारतीय असल्यामुळे ती गांभीर्याने होईल. कारण टीएनएफ नुसतं जाळत नाही. फुप्फुसात झोपलेल्या क्षयजंतूंभोवती पेशींचा जो कोट असतो, तो राखायलाही तेच लागतं. कोट ढासळला की जंतू जागे होतात. २००१ साली या औषधांच्या रुग्णांत क्षयाचे प्रकार दिसले आणि तेव्हापासून ही तपासणी नेहमीची झाली. ब्रिटनच्या व्हिसासाठी काढलेला छातीचा एक्स-रे इथे पुरेसा नाही. तो जागा झालेला क्षय शोधतो, झोपलेला नाही.

आणखी एक गोष्ट: दाह शमला की वजन वाढतं, पण वाढलेल्या वजनात चरबीच जास्त असू शकते. स्नायू आपोआप परत येत नाहीत. वेल्समधल्या बँगोर विद्यापीठात संधिवाताच्या रुग्णांना २४ आठवडे वजनं उचलायचा व्यायाम देखरेखीखाली दिला, तेव्हा त्यांचे स्नायू आणि ताकद दोन्ही वाढली. ‘सांधे दुखतात तर हलवू नका’ हा सल्ला दाह आटोक्यात आल्यावर उपयोगाचा राहत नाही.

पुढच्या फोनवर काय विचारायचं

“नीट खात जा” याऐवजी हे विचारून पाहा. सहा महिन्यांपूर्वी वजन किती होतं, आता किती आहे? प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त उतरलं असेल (६० किलोचे ५७च्या खाली), तर कौतुक करू नका, डॉक्टरांकडे पाठवा. संध्याकाळची कणकण, रात्रीचा घाम, दोन-तीन आठवड्यांहून जुना खोकला आहे का? मागची सीआरपी किती होती? संधिवाताच्या गोळ्या “आता बरं वाटतंय” म्हणून बंद तर केल्या नाहीत? खुर्चीतून हात न टेकता उठता येतं का?

खाण्याचं म्हणाल, तर मोठं ताट समोर ठेवून आग्रह करण्यापेक्षा दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं, प्रत्येक वेळी डाळ, दूध, दही, अंडं, मासळी असं काहीतरी प्रथिनांचं, हे जास्त झेपतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारून. आणि हे प्रश्न स्वतःलाही लागू आहेत. इथे येऊन दहा वर्षं झाली तरी सुप्त क्षय आपल्यासोबत आलेला असू शकतो. इंग्लंडमध्ये क्षयाची तपासणी आणि उपचार मोफत आहेत, व्हिसा कोणताही असो.